अठ्ठावीस म्हणजे नुसतं अठ्ठावीस नसतं!

आजोबांचा ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचाय? मग दुकानात जाण्याआधी मागचं चाक वाचायला शिका.

गावाकडं गेलात की एकदा गोठ्यामागं नजर टाका. नाही तर बांधावरच्या बाभळीखाली. लातूर असो की नांदेड, दर दोन-चार गावांमागं असा एक ट्रॅक्टर उभा दिसतोच. सीटवर पोतं, बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम, पुढचा एक दिवा फुटलेला. महिंद्राचा बी-२७५ असेल, मॅसी १०३५ असेल, नाही तर एचएमटीचा २५११. आणि घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘इंजिन ओके आहे, एका सेल्फात चालू होतंय. फक्त टायर गेलेत.’

सगळी गोम या ‘फक्त’मध्ये आहे.

इंजिनाचे बरेच पार्ट अजून मिळतात, कारण यातली काही मॉडेलं वर्षानुवर्षं थोड्याफार फरकानं तशीच बनत राहिली. रंग तर आपला आपण मारता येतो, आणि रीलवर तेवढंच दिसतं. पण मागच्या दोन नव्या टायरांची जोडी म्हणजे तीस-चाळीस हजारांचा विषय. तिथं घरचे हात आखडतात. ‘एवढे पैसे घालण्यापेक्षा भंगारात दे,’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणजे तो ट्रॅक्टर भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार की येत्या मृगात शेतात उतरणार, हे बहुतेक वेळा मागची दोन चाकंच ठरवतात. त्यात घाईनं चुकीचा टायर आणला, तर पैसेही जातात आणि ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ हेही ऐकून घ्यावं लागतं.

‘बसतंय की दादा!’

मोंढ्याजवळच्या कुठल्याही टायरच्या दुकानात जा. पहिला प्रश्न येतो, ‘कितीची रिंग?’ तुम्ही म्हणता, अठ्ठावीसची. ‘मग बसतंय की दादा!’ दुकानदार खोटं बोलत नसतो. ११.२-२८, १२.४-२८, १३.६-२८, १४.९-२८, १६.९-२८ हे सगळे टायर २८ इंच व्यासाच्या रिंगवर बसतात. शेवटचा आकडा रिंगचा व्यास. पहिला आकडा टायरची रुंदी, तीही इंचात. अडचण अशी, की दुकानात विचारला जातो तो शेवटचा आकडा आणि घोळ होतो तो पहिल्याचा.

कारण रिंगलाही रुंदी असते. टायरचे दोन्ही काठ जिथं टेकतात, त्या आतल्या दोन भिंतींमधलं अंतर म्हणजे ही रुंदी. रिंगवर ती ठोकलेली असते: डब्ल्यू १०, डब्ल्यू ११, डब्ल्यू १२ अशी. आकडा म्हणजे सरळ तितके इंच. १२.४ च्या टायरला डब्ल्यू ११ ही योग्य रिंग, डब्ल्यू १० चालून जाते. १३.६ ला डब्ल्यू १२ योग्य, डब्ल्यू ११ चालते. १४.९ ला डब्ल्यू १३ लागते, फार तर डब्ल्यू १२. आता समजा तुमच्या ट्रॅक्टरला डब्ल्यू १० ची रिंग आहे आणि तुम्ही रुबाबात १४.९ चढवला. बसेल. पण काठ आत ओढले गेल्यानं टायर मधोमध फुगेल, जमिनीला फक्त मधला भाग टेकेल, तोच झिजेल, आणि कडेची भिंत रोज नको तिथं वाकत राहील. उलट रुंद रिंगवर अरुंद टायर ताणला, तर पाठ सपाट होते आणि काठावर ताण येतो. दिसायला भारी, चालायला वाईट.

म्हणून नियम साधा आहे. आधी रिंग वाचायची, टायर नंतर. चाकावर आत्ता जो टायर आहे, त्याचा नंबर हा पुरावा धरू नका. चाळीस-पन्नास वर्षांत तो ट्रॅक्टर किती हातांतून गेला असेल? मधल्या एखाद्या मालकानं ऊसतोडीच्या हंगामात जो मिळाला तो टायर चढवलेला असू शकतो. तारेचा ब्रश घ्या, रिंगच्या आतल्या बाजूचा गंज आणि वंगण खरवडा, ठोकलेले आकडे सापडले की मोबाइलवर फोटो काढा. सापडलेच नाहीत, तर टेप लावून आतल्या दोन भिंतींमधलं अंतर मोजा. बाहेरून बाहेरपर्यंत मोजाल तर इंचभर जास्त येईल आणि सगळं गणित चुकेल.

आता रिंगही बदललेली असली तर? मग कंपनीचं पुस्तक. मॅसी १०३५ ला मागं १२.४-२८, महिंद्रा २७५ ला १३.६-२८ असे आकडे या मॉडेलांच्या माहितीत सापडतात. आपल्या ट्रॅक्टरचं जुनं पुस्तक घरात असेल, तर ते सोन्यासारखं जपा. पण त्यात एक सापळा आहे. तो माहीत नसल्यानं चांगले चांगले फसतात.

जुन्या पुस्तकात तुम्हाला १०-२८, ११-२८, १२-२८ असे आकडे दिसतील. पूर्वी टायरचं नाव असंच असायचं. पुढं प्रत्यक्ष रुंदी धरून नवे आकडे आले आणि ११-२८ चा टायर १२.४-२८ झाला. टायर तोच, नाव बदललं. त्याच हिशोबानं १०-२८ म्हणजे आजचा ११.२-२८, १२-२८ म्हणजे १३.६-२८, १३-२८ म्हणजे १४.९-२८. आता बघा काय होतं. पुस्तकात १२-२८ लिहिलंय. तुम्ही दुकानात जाऊन ‘बाराचा’ मागता. दुकानदार १२.४-२८ काढून देतो. बारा आणि बारा पॉइंट चार, जवळजवळ सारखंच की! नाही. तुम्हाला एक साइज लहान टायर मिळाला. आणि हल्ली ३४०/८५ आर २८ असं काही लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. रुंदी ३४० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल. हा १३.६ चाच मेट्रिक भाऊ. जुन्या नंबरातली साधी आडवी रेघ मात्र क्रॉसप्लाय सांगते. एका बाजूला रेडियल आणि एका बाजूला क्रॉसप्लाय असली जोडी लावू नका.

ट्रॅक्टर आला कुठून, हेही बघा

आपल्याकडचे हे जुने ट्रॅक्टर ‘देशी’ वाटतात, पण त्यांचं रक्त बाहेरचं आहे. फरिदाबादला १९५९ मध्ये आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला तो जर्मन आयशरच्या मदतीनं. महिंद्रानं १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, त्यातून बी-२७५ आला. मद्रासच्या टाफेनं मॅसी फर्ग्युसन आणला. एचएमटीनं १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला झेटरच्या तंत्रावर, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या, ट्रॅक्टर बनवले. एचएमटीचा हा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्रानं २०१६ मध्ये मंजुरी दिली.

याचा टायरशी काय संबंध? ज्या देशाचं तंत्र, त्या देशाची चाकाची मापं. जुन्या मॅसी आणि फोर्डच्या मागच्या चाकाला साधारणपणे आठ बोल्ट असतात. ते आठ इंच व्यासाच्या वर्तुळावर बसतात आणि मधलं भोक सहा इंचांचं. म्हणून भंगारात मॅसीची डिस्क सापडली तर ती फोर्डला लागण्याची शक्यता असते. शक्यताच म्हणतोय, कारण बोल्ट जुळले तरी डिस्कची खोली वेगळी निघू शकते आणि टायर मडगार्डला घासतो. मोजणं सोपं आहे. आठ भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा. जुळत नसेल, तर लेथवाल्याला ‘भोकं जरा वाढवून दे’ असं सांगू नका. लांबट भोकात नट कितीही आवळला तरी चाक हळूहळू हलतंच. बाहेरून आलेल्या काही रशियन ट्रॅक्टरांना तर ३२ किंवा ३८ इंची रिंग असते. तसला घरी असेल तर शोध लांबचा आहे, तयारी ठेवा.

गंमत म्हणजे शोधायला मराठवाड्याबाहेर जायलाच पाहिजे असं नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा, म्हणजे बीकेटीचा, शेतीच्या टायरचा कारखाना आहे. या कंपनीचा बहुतांश माल परदेशी जातो. युरोपातला कुणी हौशी माणूस आजोबांच्या जुन्या ट्रॅक्टरला भारतात बनलेला टायर चढवतोय आणि आपण म्हणतोय, साइज मिळत नाही! साइज बनते. फक्त आपल्या दुकानात मागणी नसल्यानं ती ठेवली जात नाही. नेमका नंबर सांगून ऑर्डर द्यायची तयारी असेल तर बरेच दरवाजे उघडतात.

डावा नवा, उजवा जुना

पैसे कमी पडले की सुचणारा पहिला जुगाड हाच. एकच नवा घेऊ, दुसरा आहे तो चालवू. इंजिनीअरिंगच्या पोरांनो, इथं कॅल्क्युलेटर काढा. १३.६-२८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण १३१ सेंटिमीटर, १२.४-२८ चा १२६. परीघ आला अंदाजे ४११ आणि ३९६ सेंटिमीटर. एका किलोमीटरला पहिला २४३ फेऱ्या घेतो, दुसरा २५३. म्हणजे सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला दहाएक फेऱ्यांचा फरक, आणि तो सगळा डिफरन्शियलच्या गिअरांना सोसावा लागतो. डिफरन्शियल वळणासाठी बनलंय, पण इथं ते अखंड वळणावरच असतं. वेगळी साइज राहू द्या, एकाच साइजचा एक नवा आणि एक गुळगुळीत घेतला तरी तेच. नव्या टायरवरचे उंच रबरी पट्टे, ज्यांना लग म्हणतात, इंचाहून जास्त उंच असतात. एका बाजूचे झिजून गेले की व्यासात दोन इंचांहून जास्त तफावत येते. वरच्या उदाहरणाएवढीच. म्हणून दोन्ही जुने पण सारखे झिजलेले टायर हे एक नवा आणि एक जुना यापेक्षा केव्हाही बरे.

लगची दिशाही बघा. टायरच्या कडेला बाण असतो, तो पुढं फिरण्याची दिशा दाखवतो. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघितलं तर लगचा आकार घराच्या छपरासारखा दिसला पाहिजे, टोक वर. उलटा बसला तर माती बाहेर फेकली जाण्याऐवजी लगांमध्ये अडकते. आपल्या काळ्या चिकट रानात वाफसा नीट आलेला नसताना उलटा टायर घातलात, तर दहा पावलांत चाकाचा लाडू होतो.

रान कसलं, काम कसलं

मोठा टायर म्हणजे चांगला टायर, हा समज रीलवाल्यांनी पसरवलाय. लातूर भागात सोयाबीन बहुतेक ४५ सेंटिमीटरवर पेरतात. कोळपणीला ट्रॅक्टर घालायचा असेल तर दोन ओळींच्या मधून चाक गेलं पाहिजे. १२.४ चा टायर साडेएकतीस सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पावणेसात सेंटिमीटर उरतात. १३.६ ला पाच. १४.९ ला साडेतीन. एवढ्याशा जागेत ड्रायव्हरचा हात जरा हलला की ओळ गेली. त्यातून दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतरही ओळींशी जुळायला हवं. ४५ च्या तीन पटी म्हणजे १३५ सेंटिमीटर. जुन्या मॅसी ३५ ला रिंग आणि डिस्क उलटसुलट जोडून हे अंतर ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी बदलता येतं. त्यातला ५२ इंचांचा टप्पा म्हणजे १३२ सेंटिमीटर, जवळपास जमलं. ही सोय आपल्याकडं फार कमी लोक वापरतात, कारण गंजलेले बोल्ट कुणी सोडवत नाही. चाक काढलंच आहे तर सोडवा.

नांदेडकडं अर्धापूरच्या केळी-हळदीच्या रानातलं काम वेगळं, नुसती नांगरट-रोटाव्हेटर असेल तर वेगळं. आणि मांजरा पट्ट्यात गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या असतील तर पूर्ण वेगळं. डांबरावर नव्या कोऱ्या उंच लगांचा टायर झपाट्यानं झिजतो. तिथं अर्धे झिजलेले लग चालून जातात, पण भार पेलायची ताकद, म्हणजे प्लाय रेटिंग, कमी असून चालत नाही. त्याच अर्ध्या टायरांनी नांगर ओढायला गेलात तर चाक जागच्या जागी फिरत बसेल. त्यामुळं ‘टायर ८० टक्के आहेत’ अशी जाहिरात दिसली की विचारायचं, कशाला ८० टक्के?

जुना टायर घेणार असाल तर कडेवरचे शेवटचे चार आकडे शोधा. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. लग उंच आहेत पण कडेच्या भिंतीवर बारीक भेगांचं जाळं आहे, म्हणजे तो टायर वर्षानुवर्षं उन्हात उभा होता. आपल्याकडच्या उन्हात हे फार लवकर होतं. आत हात घालून काठाची तार चाचपा, कुठं तुटली किंवा उघडी पडली असेल तर सोडून द्या. रिमोल्ड केलेला टायर वाईटच असतो असं नाही, पण ज्याच्या कडेलाच भेगा आहेत त्याच्यावर नवं रबर चढवून काय होणार?

नवा घेत असाल तर पक्कं बिल मागा. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल, तर हे ठाऊक असलेलं बरं. आणि नव्या टायरात जुनी ट्यूब घालू नका. ताणून मोठी झालेली ट्यूब आत दुमडते आणि घडीवरच फाटते.

वेल्डिंगच्या आधी थांबा

ही गोष्ट जिवाची आहे, म्हणून सावकाश वाचा. जुन्या रिंगला व्हॉल्व्हच्या भोकाजवळ गंज असतो. चाकात पाणी भरलेलं असेल तर हमखास. मग ती एमआयडीसीतल्या नाही तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जाते. तो म्हणतो, ‘टायर कशाला काढायचा, हवा सोडली की झालं. दोन टाके मारून देतो.’

नाही म्हणा. हवा सोडली, व्हॉल्व्ह काढला, तरी नाही म्हणा. बाहेरून तापलेल्या रिंगमुळं आतलं रबर आणि वंगण तापतं, त्यातून पेट घेणारे वायू बनतात आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. अशा स्फोटांत जगभर माणसं गेली आहेत. वेल्डिंग करायचंच असेल तर टायर आणि ट्यूब रिंगवरून पूर्ण उतरवल्यावरच. आणि रिंग काठावरच खाल्लेली असेल तर वेल्डिंग नको, रिंगच बदला.

दुसरा धोका हवा भरताना. टायरचा काठ रिंगवर नीट चढत नसला की पंक्चरवाला हवा वाढवत जातो. ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही. तेवढ्यात बसला नाही तर हवा सोडायची, काठाला साबणाचं पाणी लावायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. हवा भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही. काठ बसल्यावर दाब खाली आणायचा. शेतातल्या कामाला अशा टायरात साधारण १२ ते १६ पीएसआय पुरतं, वाहतुकीला जास्त लागतं, नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात बघा.

पाणी भरायचं का? नांगरटीला चाक घसरत असेल तर उपयोग होतो. व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण टायर भरतात. १३.६-२८ च्या एका टायरात दीडशे लिटरच्या आसपास पाणी जातं. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं दोन टायरांत तीनशे लिटर ओतायचं म्हणजे आजी काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. लोखंडी वजनं मिळाली तर ती लावा, रिंगही गंजणार नाही.

चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आवळत जा, एका ओळीनं नको. मग एक तासभर रिकामा ट्रॅक्टर फिरवा आणि परत येऊन सगळे नट पुन्हा तपासा. रंगाच्या थरामुळं किंवा गंजाच्या खपलीमुळं ते थोडे सैल झालेले सापडतीलच. पुन्हा आवळा. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. ट्रॉली त्यानंतर जोडा.